वॅटचा आकडा आणि पात्याभोवतीची वाटी

हँड ब्लेंडरच्या खोक्यावर सगळ्यात ठसठशीत छापलेला असतो तो वॅटचा आकडा. २५०, ४००, ६००, ८००, आता तर १,००० सुद्धा. दुकानात गेलेलं गिऱ्हाईक आधी तो आकडा बघतं, मग किंमत बघतं, आणि दोन्हींचा मेळ बसला की खोकं घेऊन घरी येतं. ही सवय आपल्याला मिक्सरने लावली, आणि मिक्सरच्या बाबतीत ती चुकीचीही नव्हती. ओलं खोबरं, भिजवलेले तांदूळ, सुक्या मिरच्या, तीळ-कारळं हे सगळं वाटायचं तर मोटरमध्ये दम हवाच. १९६० च्या दशकात सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यांनी मुंबईत ‘सुमीत’ मिक्सर घडवला, त्याच्या मुळाशी हेच होतं. आपल्याकडच्या वाटणाने घरातल्या परदेशी मिक्सरची मोटर जळाली होती, आणि हा भार पेलेल असं यंत्र हवं होतं. तेव्हापासून अंगवळणी पडलेला हिशेब आता सूपलाही तसाच लावला जातो. सूपमध्ये मात्र पात्याखाली येतं ते शिजून मऊ झालेलं गाजर, दुधी, लाल भोपळा, टोमॅटो, मुगाची डाळ. त्यांचा प्रतिकार असून असून किती असणार? म्हणून घरच्या सूपसाठी ब्लेंडर घेताना पात्याचं टोक आधी पाहावं आणि वॅटचा आकडा सगळ्यात शेवटी. आणि या दोन्हींच्या आधी भाजी नीट शिजवायला शिकावं, असं माझं म्हणणं आहे.

याला पहिला आधार हे यंत्र जिथे जन्मलं तिथूनच मिळतो. स्वित्झर्लंडमधल्या रॉजर पेरिंजाके यांनी १९५० मध्ये, हातात धरून थेट भांड्यात बुडवायच्या या यंत्राचं पेटंट घेतलं. ‘बामिक्स’ या नावाने ते बाजारात आलं आणि आजही स्वित्झर्लंडमध्येच बनतं. चांगलंच महाग असलेल्या या ब्लेंडरची घरगुती मॉडेलं कित्येक वर्षं १४० ते २०० वॅटच्या घरातली होती. आपल्याकडे ताक घुसळायला घेतात तो साधा ब्लेंडरही कागदावर त्यांच्यापेक्षा जास्त वॅटचा असतो. दुसरा दाखला हॉटेलांच्या मुदपाकखान्यातला. रोबो कूप ही फ्रेंच कंपनी व्यावसायिक वापरासाठी जे ब्लेंडर बनवते, त्यातलं ३५ सेंटिमीटर लांब दांड्याचं यंत्र साधारण ४४० वॅटचं आहे, आणि ते पन्नासेक लिटरच्या पातेल्यासाठी आहे. आपल्या घरी सूप होतं दीड लिटर. मग घरगुती खोक्यावर ८०० किंवा १,००० कशासाठी? तो आकडा मोटर बोर्डातून किती वीज ओढू शकते एवढंच सांगतो. त्यातली किती उष्णतेत गेली, किती आवाजात आणि घर्षणात गेली, आणि पात्यापर्यंत किती पोचली, हे त्यावरून कळत नाही. काही वेळा तर तो क्षणभर ओढल्या जाणाऱ्या कमाल विजेचा आकडा असतो. स्वस्त, हलकी मोटर आणि मोठा आकडा ही जोडी बाजारात सर्रास सापडते.

तेव्हा दुकानात ब्लेंडर उलटा करून बघावा. विक्रेता जरा चमकेल, पण बघण्यासारखं जे काही आहे ते त्या टोकाला. दांड्याच्या शेवटी उपडी वाटी दिसेल, वाटीच्या आत दोन किंवा चार पंखांचं छोटं पातं, आणि वाटीच्या कडेला खिडक्या. पातं फिरलं की खालून द्रव आत ओढला जातो, पात्यावर आपटतो आणि खिडक्यांतून बाहेर फेकला जातो. बाहेर गेलेला पुन्हा वळून खालून आत येतो. हा फेरा जितका अखंड, तितकं सूप लवकर एकजीव. वेगाची अडचण बहुधा नसतेच. पाच सेंटिमीटर व्यासाचं पातं मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल तर त्याचं टोक सेकंदाला २६ मीटर, म्हणजे ताशी नव्वदहून जास्त किलोमीटर वेगाने फिरतं. शिजलेल्या गाजराला एवढं पुष्कळ झालं. अडतं ते गाजराचा तुकडा पात्यापर्यंत येण्यावर. खिडक्या फार चिंचोळ्या असल्या तर द्रवाला बाहेर पडायला वाट राहत नाही, वाटी पातेल्याच्या बुडाला चिकटून बसते आणि मोटर नुसतीच किंचाळते. त्या फार मोठ्या असल्या तर अख्खे तुकडे पात्याला न लागताच निसटतात आणि शिंतोडेही जास्त उडतात. पातं काठापासून फार वर बसवलेलं असेल तर तळाशी उरलेलं थोडं सूप त्याच्या तावडीत येत नाही. वाटीच्या आत उभ्या कडा काढलेल्या असतील तर बरं. त्यामुळे द्रव पात्याबरोबर नुसता गरगर फिरत न राहता कडांवर आदळून फुटतो. चार पंखांचं पातं दोन पंखांच्या दुप्पट काम करतं, ही मात्र खोक्यावरची भाषा आहे. वाटीची घडण बरोबर असेल तर दोन पंखही भागवतात.

आता शिजवण्याकडे वळू, कारण सूप गुळगुळीत होणार की कणीदार, हे बरंचसं ब्लेंडर बाहेर काढण्याआधीच ठरलेलं असतं. भाजीच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या मुख्यतः पेक्टिनमुळे. उष्णतेने ते विरघळलं की पेशी सुट्या होतात आणि पात्याला कापण्यापेक्षा विखुरण्याचंच काम उरतं. आंबट ऐवज हे विरघळणं रोखतो. आमसूल किंवा चिंच आधी पडली तर डाळ शिजत नाही, हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. पण गाजर-टोमॅटोचं सूप करताना मात्र दोन्ही एकदमच पातेल्यात पडतात. टोमॅटोचा आंबटपणा, म्हणजे पीएच, साधारण ४.३ ते ४.५ इतका असतो, आणि तेवढ्यात गाजराचं पेक्टिन चांगलंच तग धरतं. गाजर, बीट, दुधी आधी मऊ होऊ द्यावं आणि मग टोमॅटो घालावा. बोअरच्या जड पाण्यानेही हाच त्रास होतो, कारण त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं. अशा ठिकाणी प्यायचं गाळलेलं पाणी वापरलं तर फरक दिसतो. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की भाजी झटपट मऊ होते हे खरं, पण चवीला साबणाची झाक येते आणि काही जीवनसत्त्वंही जातात. कुकरची एखादी शिट्टी जास्त देणं त्यापेक्षा परवडतं. तुकडा चमच्याच्या पाठीने दाबल्यावर विनातक्रार चेपला पाहिजे. मध्ये किंचित कडक गाठ लागली तर ती १,००० वॅटनेही पूर्ण जाणार नाही. बारीक होईल, पण जिभेला रव्यासारखी लागेल.

पाण्याचंही प्रमाण असतं. भाजी जेमतेम बुडेल इतकंच पाणी ठेवून घोटावं आणि नंतर हवं तेवढं वाढवावं. आधीच पाणी फार झालं तर तुकडे लाटेबरोबर पात्यापासून दूर पळतात, आणि फारच कमी असलं तर घट्ट गोळा वाटीत ओढलाच जात नाही. कुकरमध्ये शिजवताना सुटलेलं पाणी ओतून न देता वाडग्यात काढून ठेवावं आणि त्यानेच सूप सैल करावं. असं केलं की कॉर्नफ्लोअरची गरज बहुतेक वेळा उरत नाही. हॉटेलच्या सूपला दाटपणा येतो तो पुष्कळदा पिठाने, घरच्या सूपला तो भोपळ्याने आणि गाजरानेच येऊ शकतो.

यावर पहिला आणि सगळ्यात रास्त आक्षेप असा, की घरात मिक्सर असताना हे नवं बिऱ्हाड कशाला? मिक्सर जास्त गुळगुळीत वाटतो, हे आधीच मान्य करून टाकू. भांडं बंद असतं, ऐवज वळून वळून पात्यावरच येतो, जायला दुसरीकडे जागा नसते. पालकाचं सूप अगदी मखमली हवं असेल तर मिक्सरला पर्याय नाही. हँड ब्लेंडरमध्ये पानांचे हिरवे ठिपके राहतात. पण सूप हा गरम पदार्थ आहे, आणि मिक्सरचं भांडं गरम द्रवासाठी बेतलेलं नसतं. उकळत्या तापमानाला पाण्याची वाफ झाली की तिचं आकारमान १,६०० पटींहून अधिक होतं. बंद भांड्यात पातं फिरू लागलं की गरम द्रव चहूकडे उडतो, त्याचा पृष्ठभाग एकाएकी वाढतो, वाफ सुटते, वर अडकलेली हवाही तापून फुगते आणि झाकण उसळतं. भांडं गळ्यापर्यंत भरलेलं असेल तर सूप ओट्यावर, भिंतीवर आणि हातावर येतं. ज्यांना याची झळ बसली आहे ते भाजी निवेपर्यंत थांबतात, दोन-तीन खेपांत वाटतात, पुन्हा पातेल्यात ओतून पुन्हा तापवतात. मग धुवायला भांडं, झाकण, रबर आणि पातेलं. सूप म्हणजे ‘उगाच व्याप’ असं घरोघरी म्हटलं जातं ते या मधल्या अर्ध्या तासामुळे. हँड ब्लेंडर तो अर्धा तास वाचवतो. मिक्सरची जागा तो घेत नाही, आणि चटणी-वाटणाला तर त्याला हातही लावू देऊ नये. पण गरम पदार्थ ज्या भांड्यात शिजला त्याच भांड्यात घोटणं हे त्याचं काम, आणि ते दुसरं कुणी करत नाही.

दुसरा आक्षेप जुन्या वळणाचा आहे. रवी आहे, पावभाजीचा मॅशर आहे, मग वीज कशाला जाळायची? वरणाच्या बाबतीत या आक्षेपात शंभर टक्के तथ्य आहे. नीट शिजलेली तूरडाळ रवीने दहा-बारा वेळा घुसळली की झालं. तिला ब्लेंडर लावला तर ती फेसाळते आणि वरणाचा पोतच जातो. मुगाच्या सूपचंही तसंच. पण गाजर, दुधीच्या बिया, टोमॅटोची साल, कांद्याचे पदर यांपुढे रवीचं काही चालत नाही, आणि मॅशरने होतं ते भरीत. शिवाय अर्धवट घोटण्याची सोय फक्त हँड ब्लेंडरमध्ये आहे. भाज्यांच्या सूपमध्ये एका कडेला पाच-सात सेकंद पातं फिरवायचं, तेवढाच भाग दाट होतो, बाकीचे तुकडे शाबूत राहतात, आणि ढवळलं की वेगळं काही न घालता अंगाला येतं. मिक्सरमध्ये हे करायचं तर निम्मा ऐवज उपसून घ्यावा लागतो.

घ्यायचाच ठरला, तर पात्याच्या टोकानंतर दांडा बघावा. प्लास्टिकचा दांडा ताक-लस्सीला ठीक. उकळत्या सूपमध्ये मात्र स्टेनलेस स्टीलच हवं. प्लास्टिकचा दुसरा दोष हळद. एकदा हळद-तेलाचं सूप लागलं की पांढरा दांडा पिवळा होतो, आणि उन्हात ठेवून रंग थोडा उतरला तरी पूर्ण जात नाही. स्टीलवर या दोन्ही तक्रारी नाहीत. काही ब्लेंडरांत दांडा स्टीलचा आणि वाटी तेवढी प्लास्टिकची असते, तेही बघून घ्यावं. नॉनस्टिक कढईत करायचं असेल तर मात्र तीच बरी, कारण धातूचा काठ लेपावर ओरखडे काढतो. दांडा मोटरच्या मुठीपासून सुटा होणारा असावा. धुताना पाणी मुठीकडे जायची भीती राहत नाही. लांबीचा विचार आपल्या कुकरच्या हिशेबाने करावा: पाच लिटरच्या उंच कुकरच्या तळाशी वाटी टेकली तरी मूठ काठाच्या वर राहिली पाहिजे, नाहीतर हात वाफेत जातो.

मग मुठीवरची बारीक अक्षरांची पट्टी वाचावी. बहुतेक लोक ती कधीच वाचत नाहीत, आणि ब्लेंडर जळतात त्यातले बरेचसे या पट्टीकडे दुर्लक्ष झाल्याने जळतात. तिथे सलग किती वेळ चालवायचा ते लिहिलेलं असतं, बहुधा एक मिनिट, आणि त्यानंतर काही मिनिटं विश्रांती. युरोपीय बनावटीवर ‘केबी’ अशी खूण करून पुढे मिनिटांचा आकडा देतात. या छोट्या मोटरी कार्बन ब्रशच्या असतात, फार वेगाने फिरतात आणि आतल्याच पंख्याने थंड होतात. ऐवज घट्ट झाला की फेरे मंदावतात, पंखाही मंदावतो आणि नेमकी तेव्हाच मोटर जास्त वीज ओढून जास्त तापते. म्हणजे थंडाव्याची गरज वाढते तेव्हाच थंडावा कमी होतो. जळकट वास आला तर यंत्र कच्चं आहे असं म्हणण्याआधी सूप किती घट्ट होतं आणि बटण किती वेळ दाबून ठेवलं होतं ते आठवावं. चांगलं शिजलेलं दीड लिटर सूप तसंही मिनिटभरातच होतं. दोन मिनिटं होऊनही होत नसेल तर ब्लेंडर बाजूला ठेवून गॅस पेटवावा. भाजी कच्ची आहे.

वेगाची किमान दोन बटणं हवीत, कारण सुरुवात हळू करता आली नाही तर पहिला फवारा अंगावर येतो. आठ-दहा वेगांची चकती बघायला छान, वापरात येतात दोन किंवा तीन. बटण दाबून धरलं तरच चालणारं असावं. हात सुटला की यंत्र थांबलं पाहिजे. आयएसआय चिन्ह बघावं, आणि दोन पिनांची पिन असेल तर चौकोनात चौकोन अशी दुहेरी इन्सुलेशनची खूण. वायर ओट्यावरच्या बोर्डापासून शेगडीच्या पलीकडेपर्यंत आरामात पोचेल इतकी लांब असावी, पण पेटत्या बर्नरवरून जाईल अशी ओढून घेऊ नये. सोबत मिळणारी फेटणी आणि चॉपरचं भांडं यांसाठी किंमत पुष्कळ वाढते. कांदा बारीक करायला चॉपर कामाला येतो हे खरं, पण तो वेगळा विचार आहे, सूपच्या हिशेबात धरू नये. साधा ब्लेंडर हजार-दीड हजारांत मिळतो, स्टीलच्या सुट्या दांड्याचा साधारण दोन-तीन हजारांच्या आसपास. यात वरचे पैसे वॅटसाठी मोजण्यापेक्षा गावात दुरुस्ती होते का, रबर-सील आणि कपलिंग सुटं मिळतं का, हे विचारण्यासाठी तोंड उघडावं. त्याला पैसे पडत नाहीत. आणि वर्षातून पावसाळ्यात तीनदाच सूप होत असेल, तर काहीच घेऊ नये. मिक्सर, गाळणी आणि थोडा धीर यांत भागतं.

वापरण्याची रीत सोपी आहे, पण ती चुकते फार. गॅस बंद करावा, कुकर असेल तर वाफ पूर्ण जाऊन झाकण निघू द्यावं, आणि उकळी बसेपर्यंत दोन मिनिटं थांबावं. भांडं उभट घ्यावं. पसरट कढईत दोघांपुरतं सूप केलं तर द्रवाची उंची बोटभरही नसते आणि वाटीच्या खिडक्या उघड्या पडून सगळा ओटा रंगतो. असं असेल तर भांडं एका बाजूला कलतं धरावं म्हणजे सूप एका कोपऱ्यात गोळा होतं, किंवा सरळ उंच गंजात ओतून घ्यावं. वाटी पूर्ण बुडाल्याशिवाय बटण दाबायचं नाही, आणि पातं थांबल्याशिवाय ती बाहेर काढायची नाही. शिंतोड्यांचा नव्वद टक्के बंदोबस्त एवढ्यातच होतो. वाटी तळावर सपाट टेकवली की ती चिकटते. तिला किंचित तिरकं करून सुरुवात करावी, आणि मग हळूहळू वर उचलावी, पृष्ठभागाच्या जवळ आली की पुन्हा खाली न्यावी. एकाच जागी धरून ठेवलं तर तिथलं सूप पाण्यासारखं होतं आणि कडेला तुकडे तसेच राहतात. फोडणी, कढीपत्ता, सुकी मिरची घोटण्याच्या नंतर. तमालपत्र, दालचिनी घोटण्याच्या आधी आठवणीने काढून ठेवावी. चुकून राहिलेल्या दालचिनीच्या काडीने चांगली पात्यं बोथट होतात.

ऐवजागणिक हात बदलावा लागतो. बटाटा सगळ्यांत नाजूक. त्याच्या पेशींत फुगलेलं स्टार्च असतं. पात्याने पेशी फाटल्या की ते बाहेर येतं आणि सूपला तार सुटते, चमच्याला चिकटतं. बटाट्याचं सूप दाबून-सोडून, दोन-तीन झटक्यांतच आटोपावं. दाटपणासाठी बटाटा घालायचाच असेल तर लिटरभराला एखादा छोटा पुरे. शेवग्याच्या शेंगा तशाच घोटू नयेत, त्यांचे दोर पात्याच्या दांडीला गुंडाळले जातात; शिजलेल्या शेंगांचा गर चमच्याने ओरबाडून घ्यावा. मक्याची आणि वाटाण्याची टरफलं कुठल्याच घरगुती ब्लेंडरने जिरत नाहीत, तिथे गाळणी आली. टोमॅटोचं सार करताना एक गंमत दिसते: घोटल्याबरोबर लालभडक टोमॅटो फिका, नारिंगी होतो. बरेच जण रंगासाठी बीट घालायला धावतात. तो रंग पात्याने आत ओढलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो. मंद आचेवर पाच-सात मिनिटं ठेवलं की बुडबुडे सुटतात आणि लाली परत येते. ब्लेंडर वर-खाली करताना वाटी पृष्ठभागावर आणली नाही तर हवा मुळात कमी शिरते. नारळाचं दूध मात्र यानंतर, गॅस बारीक करून. खळखळून उकळलं की सार फुटतं. फुटलंच तर दोन-तीन सेकंद पातं फिरवून ते बऱ्यापैकी सावरता येतं, कारण वेगाने फिरणारं पातं चरबीचे थेंब बारीक करून पाण्यात विखरून टाकतं. याच कारणाने भोपळ्याच्या सूपमध्ये शेवटी चमचाभर लोणी घालून घोटलं की वर तेलाचा तवंग न येता सूप मऊसूत होतं, आणि क्रीमवाचून भागतं.

तिसरा आक्षेप आरोग्याचा. घोटल्याने चोथा नष्ट होतो, सत्त्व जातं, असं पुष्कळ जण ठामपणे सांगतात. चोथा पात्याने बारीक होतो, नाहीसा होत नाही. तो जातो गाळणीत. म्हणून गाळणं जिथे खरंच लागतं, मका, वाटाणा, टोमॅटोच्या बिया, तिथेच करावं. क जीवनसत्त्व कमी होतं ते मुख्यतः शिजवण्याने आणि सूप तासन्तास गरम ठेवण्याने. आणि ‘पातळ खाऊन पोट भरत नाही’ या समजाला तर उलटा पुरावा आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी माणसांना एकदा घन जेवण आणि त्यासोबत पाणी दिलं, आणि दुसऱ्या वेळी तेच जेवण त्याच पाण्यासह घोटून दिलं. एमआरआयने पाहिलं तेव्हा घोटलेलं जेवण जठरात जास्त वेळ राहिलेलं दिसलं, आणि पोट भरल्याची भावनाही जास्त टिकली. वेगवेगळं घेतलं की जठर पाणी आधी पुढे सोडतं आणि घन भाग मागे ठेवतं. एकजीव सूपमध्ये अशी चाळणी करायला वाव राहत नाही. यावरून सूप पिऊन वजन उतरतं असा निष्कर्ष कुणी काढू नये, अभ्यास एवढं म्हणत नाही. मधुमेह असलेल्यांनी बटाटा, मका आणि कॉर्नफ्लोअर यांचा हिशेब ठेवायचाच आहे, पण तो प्रश्न पातेल्यात काय टाकलं याचा आहे, कशाने घोटलं याचा नाही.

राहता राहिली सफाई, आणि ब्लेंडरने होणारी सगळ्यात वाईट इजा तिथेच होते. पात्यात अडकलेला शेवग्याचा दोर किंवा पालकाचा देठ बोटाने काढायला जातात, पिन बोर्डात तशीच असते, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याखाली बटण दाबलं जातं. वाटी बोटांना वाचवायला आहे, पण आतून हात घातल्यावर तिचा काय उपयोग? नुसतं बोर्डाचं बटण बंद करून भागत नाही, पिन काढून मगच हात लावावा, आणि तरीही बोटाऐवजी लाकडी चमच्याचं टोक वापरावं. बहुतेक वेळा त्याचीही गरज पडत नाही. उंच भांड्यात गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा थेंब घालून ब्लेंडर दहा सेकंद चालवला की वाटी आतून स्वच्छ होते. हे सूप संपल्यावर नव्हे, वाढायच्या आधीच करावं. टोमॅटो-भोपळ्याचा लगदा वाळला की खिडक्यांच्या कोपऱ्यात घट्ट बसतो. मूठ ओल्या फडक्याने पुसायची, नळाखाली धरायची नाही. सुटा केलेला दांडाही पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण पात्याच्या मागे जे रबरी सील असतं त्याच्या आडून पाणी आत झिरपतं, वंगण धुऊन जातं, आणि काही महिन्यांनी सूपमध्ये काळपट कण दिसू लागले किंवा दांडा हलवल्यावर आत पाणी वाजलं, तर सील गेलं असं समजावं. दांडा पात्याचं टोक खाली करून वाळत टांगावा, म्हणजे उरलेलं पाणी सीलकडे न साचता निथळून जातं.